झोल दिसला की ब्रेक

मागच्या अंकात मी खंड्या आणि ढगी या माझ्या कुत्र्यांबरोबरच्या स्कूटरच्या शर्यतीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला. त्यातल्या बऱ्याच पत्रांत एकच गैरसमज होता: मी पेट्रोलवर चालणाऱ्या स्कूटरला कुत्री बांधते! नाही हो. ही पायाने ढकलायची स्कूटर. उभं राहायला फळी, पुढे सायकलीसारखं मोठं चाक, मागे जरा लहान, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. एक पाय फळीवर, दुसऱ्याने जमिनीला रेटा द्यायचा, आणि पुढे दोरीला कुत्रा. बर्फावर घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना बर्फ पडायच्या आधी सराव हवा म्हणून चाकं आली आणि पुढे चाकांचाच वेगळा खेळ झाला. सायकलीला कुत्रा जोडला की बाइकजोरिंग, माणूस कमरेला पट्टा बांधून मागे पळाला की कॅनिक्रॉस. ‘जोरिंग’ हा शब्द मूळ नॉर्वेजियन, हाकणं या अर्थाचा. आपल्या ‘जोरा’शी त्याचं काही नातं नाही, पण खंड्याला हे पटणार नाही.

आता पत्रं.

ताई, माझा कुत्रा फिरायला नेल्यावर इतका ओढतो की माझा खांदा भरून येतो. ही ताकद सायकलला लावावी म्हणतो. त्याचा नेहमीचा पट्टा हँडलला बांधला तर चालेल का? आणि अजून काय काय लागेल?
*– दुखऱ्या खांद्याचा धनी*

नको. हेच मी चौदा वर्षांपूर्वी केलं होतं आणि त्याची पावती म्हणून माझ्या डाव्या कॉलरबोनवर अजून एक टेंगूळ आहे. तेव्हाची माझी कुत्री मैना. सरळ, छान पळत होती. उजवीकडच्या झुडपात काहीतरी खसफसलं, ती वळली, दोरीबरोबर हँडल वळलं, पुढचं चाक आडवं झालं आणि मी हँडलवरून थेट मातीत. मैना थांबून, मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती. ‘ही मधेच झोपली कशाला?’

तर आधी गळ्यातला पट्टा. तो थांबवायला असतो, ओढायला नाही. गळ्यावर जोर आला की श्वासनळी दाबली जाते, डोळ्यांतला दाबसुद्धा वाढतो. ओढण्यासाठी वेगळा हार्नेस, म्हणजे अंगावर घालायचा पट्ट्यांचा साज, मिळतो. तो जोर छातीच्या हाडावर घेतो, खांदे मोकळे सोडतो, आणि त्याची कडी पाठीवर मागच्या बाजूला असते. फिरायला वापरतात त्यातले काही हार्नेस छातीवरून आडवी पट्टी घेतात. ती पट्टी प्रत्येक ढांगेला खांदा अडवते, तेव्हा ते इथे चालणार नाहीत. घसरगाडीचे लांब हार्नेस शेपटीच्या मुळापर्यंत जातात. सायकलकडे येणारी दोरी मात्र कुत्र्याच्या पाठीवरून वर चढत येते, आणि लांब हार्नेसची कडी त्या चढत्या दोरीने उचलली जाते. म्हणून सायकल-स्कूटरला अर्ध्या पाठीचा, आखूड हार्नेस बहुतेक कुत्र्यांना बरा बसतो. घालून बघा: काखेत दोन बोटं सहज गेली पाहिजेत आणि गळ्याशी तो वर सरकता कामा नये.

दोरी हँडलला नाही, तर हँडलच्या खाली फ्रेमची जी उभी पुढची नळी असते तिच्याभोवती अडकवायची. मग कुत्रा कितीही आडवा वळला तरी हँडल तुमच्या हातात राहतं. त्याच जागी बसवायचा एक दांडा मिळतो. याला अँटेना म्हणतात. तो पुढच्या चाकाच्या वरून पुढे डोकावतो आणि दोरीला उचलून धरतो, म्हणजे ती सैल पडली तरी चाकात शिरत नाही. दोरी चाकात जाणं हा या खेळातला सगळ्यात वाईट आणि सगळ्यात सोपा अपघात. दोरीचा एक तुकडा आतून रबरी, ताणणारा असावा. त्याने सुरुवातीचा हिसका तुमच्या मनगटालाही बसत नाही आणि कुत्र्याच्या कण्यालाही. पूर्ण ताणल्यावर लांबी साधारण अडीच मीटर.

आता मी शाळेत गणित शिकवायचे त्या सवयीने फळ्यावर मांडते. सपाट वाटेवर तरणाबांड कुत्रा ताशी तीस किलोमीटर सहज गाठतो. म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर. दोरी अडीच मीटर. कुत्रा वास घ्यायला किंवा शी करायला जागच्या जागी थांबला, तर पूर्ण दोरीचं अंतरसुद्धा तुम्ही सेकंदाच्या तिसऱ्या भागात कापता, आणि तुमचं पुढचं चाक तर त्याच्या आणखी जवळ असतं. तेवढ्या वेळात माणसाचं बोट ब्रेकवर पोहोचत नाही. ते आधीपासून तिथे असावं लागतं.

म्हणून मी नवख्यांना सांगते, कुत्र्याकडे बघू नका, दोरीकडे बघा. ताणलेली दोरी म्हणजे सगळं ठीक. दोरीला झोल पडला (आजकालच्या अर्थाने नव्हे, खराखुरा झोल) की लगेच मागचा ब्रेक हलकेच दाबायचा, दोरी पुन्हा ताणली जाईपर्यंत. कुत्रा वळणार असो, थकला असो, घाबरला असो, पहिली बातमी दोरीला कळते. उतारावर तर ब्रेक सतत थोडासा लागलेलाच ठेवायचा, कारण तिथे सायकल कुत्र्यापेक्षा वेगाने जाऊ पाहते आणि त्याच्या मागच्या पायांवर चढते. चढावर उलट: तुम्ही पेडल मारायचं. ऐटीत बसून राहायचं असेल तर दुसरा खेळ शोधा.

हेल्मेट, हातमोजे, चष्मा. चष्मा नजरेसाठी नाही, कुत्र्याच्या पायांनी उडणारी माती आणि खडे डोळ्यांत जातात म्हणून. पहिला महिना मातीच्या सपाट वाटेवर फक्त एकेक किलोमीटर. डांबरावर पंजे सोलवटतात आणि सांध्यांनाही हादरे बसतात.

खांद्याचं म्हणाल तर तोही बरा होईल. कुत्र्याला फरक पटकन कळतो: गळ्यात पट्टा म्हणजे शहाण्यासारखं चालायचं, अंगात हार्नेस म्हणजे ओढायचं. मात्र दोन्हींची सरमिसळ तुम्ही करू नका.

आमचा लॅब्रेडोर दहा महिन्यांचा, वजन अठ्ठावीस किलो. कधी सुरू करू? मुलगा म्हणतो तोवर स्केटबोर्डला बांधून बघू.
*– एक आई*

मुलाला सांगा, ज्याला ब्रेक नाही त्याला कुत्रा नाही.

वजन भरलं म्हणजे हाडं भरली असं नसतं. मोठ्या जातींत हाडांच्या टोकाशी वाढीच्या चकत्या असतात, त्या दीड वर्षाच्या आसपास, कधी त्याहून उशिरा बंद होतात. त्याआधी ओझं ओढायला लावलं तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. सायकल आणि स्कूटरच्या बऱ्याच स्पर्धांत दीड वर्षाखालचा कुत्रा घेतच नाहीत. मीही तोच आकडा धरते, आणि त्याआधी डॉक्टरांकडून हृदय, खुबे आणि कोपरं तपासून घेते. तोवर त्याला शब्द शिकवा, हार्नेस घालून फिरवा, स्कूटर हाताने ढकलत त्याच्या शेजारून चाला. मागून येणाऱ्या चाकांच्या खडखडाटाला पुष्कळ कुत्री भितात. ती भीती दोरी बांधायच्या आधी जायला हवी.

दुसऱ्या दोघांनी जातीबद्दल विचारलंय. हस्की, पॉइंटर, त्यांचे संकर हे शर्यतीतले राजे, पण साधा धडधाकट गावठी कुत्रा मजेत ओढतो. माझी ढगी तशीच आहे. पंधरा किलोंच्या आतल्या कुत्र्याला मी सायकल लावत नाही, त्याच्याबरोबर पळते. चपट्या नाकाच्यांना, म्हणजे पग, बुलडॉग वगैरेंना, कधीच नाही. त्यांना बसल्या जागी श्वास पुरत नाही.

कुत्र्याला उजवं-डावं शिकवताना सगळे ‘जी’ आणि ‘हॉ’ म्हणतात. मराठीत शिकवलं तर काय बिघडतं?
*– मराठीचा कैवारी*

काही बिघडत नाही. मी मराठीतच सुरू केलं आणि तोंडावर पडले. ‘उजवीकडे’ आणि ‘डावीकडे’ दोन्ही म्हणून बघा. शेपूट एकच, ‘वीकडे’. वाऱ्यात, चाकांच्या आवाजात, पुढे पळणाऱ्या कानांना तेवढंच ऐकू येतं. मैना दर वळणावर मागे वळून बघायची, आणि दोरीला झोल पडायचा. ‘जी’ आणि ‘हॉ’ टिकले ते याच कारणाने, एकात ई आणि दुसऱ्यात आ-ओ, गोंधळायला जागा नाही.

त्याहून मोठी फजिती थांबण्याची. घरात आपण ‘बस’ म्हणजे खाली बस असं शिकवतो. आणि वाटेवर तोंडातून निघतं ‘बास!’ खंड्या एकदा भर वेगात बसला. चूक त्याची नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे थांबायला लांबलचक ‘होऽऽ’, हळू व्हायला खालच्या पट्टीत ‘सावऽकाश’, निघायला ‘चल!’, आणि समोर मांजर, माणूस, दुसरा कुत्रा काहीही असलं तरी लक्ष न देता पुढे जायला ‘सोड’. उजव्याला ‘जी’, डाव्याला ‘हॉ’. तुम्ही तुमचे शब्द ठरवा, फक्त ते एकमेकांसारखे नसावेत आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरावेत.

यांतला ‘सोड’ सगळ्यात महत्त्वाचा आणि ‘होऽऽ’ सगळ्यात अवघड. पळायला कुत्र्याला शिकवावं लागत नाही. थांबून, दोरी ताणून, उभं राहायला मात्र महिने लागतात. ते चालताना शिकवा. मग स्कूटरवर.

सकाळी सहाला निघतो, तरी कुत्रा लवकर धापा टाकतो. पहाटे तर गारवा असतो ना?
*– पहाटवेडा*

गारवा असतो, पण दमटपणाही तेव्हाच जास्त असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंज्यांच्या गाद्यांना थोडासा येतो, तो नावापुरता. त्याची सगळी भिस्त धापांवर: जिभेवरचं आणि घशातलं पाणी वाफ होऊन जातं आणि अंग निवतं. हवेतच पाणी भरलेलं असेल तर वाफ व्हायची कशी? म्हणून पावसानंतरची अठरा अंशांची सकाळ कोरड्या बावीसपेक्षा वाईट असू शकते. त्यातून पळताना स्नायू जी शक्ती जाळतात तिचा बराच मोठा भाग हालचालीत न जाता उष्णता होतो. ओढणारं कुत्रं म्हणजे चालती भट्टीच.

माझा नेम असा: पंधरा अंशांच्या वर गेलं की अंतर निम्मं, वीसच्या वर गेलं की हार्नेस खुंटीवरच. दमट असेल तर हे आकडे आणखी खाली. तुमच्याकडे एवढी थंडी वर्षातले थोडेच दिवस पडत असेल, तर हा खेळ तुमच्याकडे तेवढेच दिवस. बाकी वर्ष पोहायला न्या, वास शोधायचे खेळ खेळा. पंख्यापुढे बसवून मग पळवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांच्या कुत्र्याच्या जिभेकडे बोट दाखवते.

जीभ बघायला शिका. साधी धाप असताना जीभ लांब आणि निमुळती असते. उष्णता चढली की टोकाशी रुंद, चमच्यासारखी वळते, आणि तोंड कानांपर्यंत ताणलेलं दिसतं. त्याच्या आधी दोरी सांगते: नेहमी ताणलेली दोरी तिसऱ्या किलोमीटरला उगाच ढिली पडायला लागली तर थांबा, पुढचं वळण बघू नका. पावलं अडखळणं, हिरड्या लालभडक किंवा फिक्या होणं, उलटी, हाकेला न वळणं, हे दिसलं तर उष्माघात समजायचा. कुत्र्याचं अंग एरवीही आपल्याहून गरम, अडतीस-एकोणचाळीस अंश. एक्केचाळीसच्या वर गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात. तेव्हा गाडी शोधत बसू नका. आधी थंड करा, मग न्या. मिळेल ते पाणी अंगभर ओता, वारा घाला, पुन्हा ओता. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो उष्णता आत कोंडतो. थंड पाण्याने धक्का बसतो म्हणून कोमट शोधा, असं पूर्वी सांगत. त्या शोधाशोधीत जीव जातो.

पाणी पळायच्या दीड-दोन तास आधी पाजायचं. नुसतं पीत नसेल तर त्यात खाण्याचा थोडा रस मिसळा, गटागटा पितो. नंतर थोडं थोडं. भरपेट खाणं आणि पळणं यांत मी चार तास ठेवते, पळून आल्यावरही तासभर काही देत नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. पोट टम्म आणि उलटीचे उमाळे येऊन बाहेर काहीच पडत नाही, असं दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना. सकाळपर्यंत थांबलात तर कुत्रा थांबणार नाही.

मी व्हीलचेअर वापरतो. छातीखाली संवेदना नाही. माझी दोन कुत्री दांडगी आहेत आणि मला जंगलवाटेवर, जमलं तर शर्यतीत, उतरायचंय. सगळे नको म्हणतात. तुम्हीही म्हणणार असाल तर उत्तर देऊ नका.
*– चार चाकं, आठ पाय*

मी नको म्हणणार नाही, कारण माझी धाकटी बहीण हेच करते. तिच्याकडून शिकले ते सांगते. हे उत्तर अर्धं तिचंच आहे, शेजारी बसून ती मला खोडते आहे.

रोजची खुर्ची या वाटेसाठी नाही. तिची पुढची दोन छोटी चाकं एखाद्या खड्याला अडली की जागच्या जागी थांबतात, आणि तुम्ही थांबत नाही. बहिणीने पहिल्या दिवशी ताशी दहाच्या वेगात तोंडावर आपटून हे शोधून काढलं. उपाय दोन. पुढे एक मोठं चाक जोडायचं, जे त्या छोट्या चाकांना जमिनीवरून उचलून धरतं. किंवा मुळातच तीन मोठ्या चाकांची, जंगलवाटेसाठी केलेली बसती गाडी घ्यायची. खुर्ची जितकी बुटकी आणि मागची चाकं खालून बाहेर फाकलेली, तितकी ती वळणावर कमी कलंडते. मागे उलटू नये म्हणून आधाराची छोटी चाकं लावा.

खुर्चीच्या बाजूला जो खटका असतो तो ब्रेक नाही, ते कुलूप आहे. उभ्या खुर्चीसाठी. धावत्या खुर्चीत तो ओढलात तर एक चाक आधी अडतं आणि खुर्ची गर्रकन फिरते. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक बसवा, आणि ते एकाच मुठीने एकदम लागतील असे. हातांत ताकद कमी असेल तर कुठल्या हाताने, कुठल्या बोटांनी हे आधी घरी ठरवा. हातमोज्यांनी चाकं धरून वेग कमी करता येतो, पण दोन कुत्री उताराला लागली की तळवे भाजतात.

दोरी हातात धरायची नाही. हाताला गुंडाळायची तर मुळीच नाही. खुर्चीच्या हातांनाही नाही: तितक्या उंचावरून ओढलं की खुर्ची पुढे झुकते. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना खालच्या नळीवर जोडलेला इंग्रजी वाय अक्षरासारखा पट्टा, त्याचं टोक बरोबर मध्ये, आणि तिथून दोरी. असं केलं की ओढ खालून आणि मधोमध येते. कुत्री पुढेच हवीत. शेजारून ओढणारा कुत्रा खुर्चीला सतत आपल्या बाजूला वळवतो, आणि त्याच्या एकाच खांद्यावर भार पडतो. तुमचं एखादं कुत्रं मदतनीस म्हणून शेजारी चालत असेल तर त्या कामाचा साज आणि या कामाचा साज पूर्ण वेगळा ठेवा.

त्या मध्यबिंदूवर एक झटक्यात सुटणारी कडी हवी, तिची ओढायची दोरी तुमच्या मांडीजवळ. सायकलवर मी असली कडी फारशी वापरत नाही, कारण सुटलेला कुत्रा रस्त्यावर जाऊ शकतो. खुर्चीत हिशेब वेगळा आहे: तुम्ही उलटलात आणि बांधलेले असाल तर कुत्री तुम्हाला फरफटत नेतील. म्हणून कडी हवीच, आणि ती सुटताच परत तुमच्याजवळ येऊन बसायचं हेही त्यांना शिकवायला हवं. पन्नास वेळा, उभ्या खुर्चीत, खाऊ देऊन.

आता बहीण म्हणते ते. “तू ब्रेकचं बोलतेस, कुणी पायांचं बोलत नाही.” संवेदना नसेल तर पाय फळीवरून घसरलेला कळत नाही, आणि तो खुर्चीखाली जातो. पावलं, पोटऱ्या आणि कंबर तिन्ही पट्ट्यांनी बांधा, बंद बूट घाला. जंगलवाटेच्या हादऱ्यांनी त्वचेवर जखमा होतात, त्या दुखत नाहीत म्हणून वाढतात. चांगली उशी, आणि घरी आल्यावर आरसा घेऊन पूर्ण तपासणी, प्रत्येक वेळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मणक्याच्या इजेखालच्या भागाला घाम नीट येत नाही. म्हणजे तुम्ही आणि तुमची कुत्री एकाच आजाराचे रुग्ण: दोघांनाही निवता येत नाही. पहाटवेड्यांना दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू. पाण्याची फवारणी करायची बाटली दोघांसाठी एकच ठेवली तरी चालेल, ती ठेवते.

दोन कुत्री असली तरी खुर्ची आणि तुम्ही मिळून शंभर किलो सहज होता, आणि वाळूत किंवा चिखलात ते वजन दुप्पट वाटतं. चढावर चाकं स्वतः रेटा. पहिले सहा महिने मागे दोरी धरून चालणारा किंवा सायकलवरचा एक माणूस हवाच. फोन आणि शिट्टी अंगावर, खुर्चीच्या पिशवीत नाही. उलटल्यावर खुर्ची पाच मीटर लांब असते.

शर्यतीचं म्हणाल तर आयोजकांना आधी गाठा, वाटेवर नेऊन दाखवायला सांगा, सर्वात अरुंद जागा मोजा. बहिणीला एका ठिकाणी शेवटून निघायला सांगितलं. तिने भांडून पहिली निघायची परवानगी मिळवली, कारण मागून निघून दहा जणांना ओलांडण्यापेक्षा दहा जणांनी तिला ओलांडणं सुरक्षित होतं. बरोबर होती.

पहिलीच शर्यत आहे. ओलांडताना काय करायचं? माझी कुत्री इतर कुत्र्यांवर भुंकते.
*– घाबरलेली*

बहुतेक शर्यतींत स्पर्धक एकदम सोडत नाहीत, ठरावीक अंतराने एकेक सोडतात, त्यामुळे गर्दी कमी. जागतिक स्पर्धांत सायकलपुढे एकच कुत्रा असतो, स्कूटरपुढे एक किंवा दोन. मागून येणारा “ट्रेल!” ओरडतो. ते ऐकलं की पुढच्याने हळू व्हायचं, एका बाजूला घ्यायचं, आणि आपली दोरी आखूड करून कुत्रा आपल्या कडेला धरायचा. खरा गोंधळ दोन दोऱ्या एकमेकींत अडकल्यावर होतो, भुंकण्याने नव्हे. दोरी ताणलेली असेल तर अडकत नाही.

सुरुवातीच्या रेषेवर भुंकणं हे बहुधा भांडण नसतं, ‘सोडा आता!’ असतं. पण दात दाखवणारी, झेपावणारी असेल तर शर्यत पुढच्या वर्षी. तोवर ओळखीच्या दुसऱ्या कुत्र्यामागून पळवत ‘सोड’ पक्कं करा. एखाद्या शर्यतीत पशुवैद्य कुत्रं बघून ‘आज नको’ म्हणाला तर हुज्जत घालू नका. मी एकदा घातली होती. संध्याकाळी ढगीच्या पंज्यात काटा सापडला.

कुत्र्याला गाडीला जुंपणं ही क्रूरता आहे. तुम्ही ती शिकवता.
*– संतप्त*

तुमचा राग पोकळ नाही. एकेकाळी युरोपात खाटीक आणि दूधवाले कुत्र्यांना गाडीला जुंपून भरमसाट ओझं ओढायला लावत. लंडनमध्ये 1839 च्या कायद्याने कुत्र्यांच्या गाड्यांवर बंदी आली आणि 1854 च्या कायद्याने ती बाकी इंग्लंडातही आली. त्या कुत्र्यांना पर्याय नव्हता. माझ्याकडे चाबूक नाही, आणि ढगीला ओढायचं नसेल तर मी तिला पुढे ढकलू शकत नाही. दोरीने फक्त ओढता येतं. पण तुम्ही म्हणता तसले मालक या खेळातही आहेत, दुपारी पळवणारे, लंगडणाऱ्याला ‘नाटक करतो’ म्हणणारे. त्यांच्याबद्दल माझं मत तुमच्याहून वेगळं नाही.

माझा आठ वर्षांचा कुत्रा दोन आठवड्यांपासून मध्येच ओढायचं थांबवतो, मग पुन्हा निघतो. आळशी झालाय का? कसा तयार करू?
*– जुना गडी*

आळशी नाही. दोन आठवड्यांत स्वभाव बदलत नाही, शरीर बदलतं. आज त्याचा हार्नेस काढून ठेवा आणि डॉक्टरांना पाठ, खुबे आणि पंजे दाखवा. दोरी नेमकी कुठे ढिली पडते तेही सांगा: चढावर, उतारावर, डाव्या वळणावर, की थोडं पळून झाल्यावर. डॉक्टरांना त्यावरून पुष्कळ कळतं. लघवी कॉफीसारखी गडद दिसली तर थांबू नका, स्नायू मोडून त्यांचं रंगद्रव्य मूत्रपिंडात उतरत असतं.

खंड्या नऊचा आहे. गेल्या हिवाळ्यात तो डाव्या वळणांना दोरी सोडायला लागला. मीही पहिल्या दिवशी ‘चल रे’ म्हटलं, कबूल करते. कंबरेच्या मणक्यांचा संधिवात निघाला. आता स्कूटरपुढे ढगी एकटी असते. पण तिचा हार्नेस खुंटीवरून काढला की खंड्या दारात येऊन लांब सूर लावतो, अख्खी गल्ली उठते. म्हणून आधी त्याच्या अंगात त्याचा जुना हार्नेस घालते, दोरी माझ्या कमरेला बांधते, आणि आम्ही दोघं कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन येतो. तो अजूनही ओढतो. मी ओढू देते, वळण येईपर्यंत.